रूळ गेले, वाट उरली : ग्रामीण स्पेनमधील वाहनमुक्त सायकलमार्ग

स्पेन म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते गजबजलेले समुद्रकिनारे, बार्सिलोना आणि माद्रिदसारखी महानगरे, फुटबॉलची मैदाने. या देशाचा दुसरा चेहरा पर्यटनाच्या जाहिरातींत फारसा दिसत नाही. माद्रिदच्या पूर्वेस आणि ईशान्येस पसरलेल्या तेरुएल व सोरिया या दोन प्रांतांत दर चौरस किलोमीटरमागे जेमतेम नऊ माणसे राहतात. देशाची सरासरी मात्र नव्वदहून अधिक आहे. सोरिया प्रांताची एकूण लोकसंख्या एक लाखाहूनही कमी आहे. देशात आठ हजारांवर नगरपालिका असून त्यांतील निम्म्याहून अधिक पालिकांच्या हद्दीत प्रत्येकी एक हजार माणसेही राहत नाहीत. १९५९ च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेनंतर उद्योगांनी वेग घेतला आणि पुढील दोन दशकांत खेड्यांतील तरुण माद्रिद, बार्सिलोना, बिल्बाओ येथे, काही तर थेट जर्मनी-फ्रान्समध्ये गेले. ते परतले नाहीत. सेर्खिओ देल मोलिनो या लेखकाने २०१६ मध्ये ‘रिकामा स्पेन’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले पुस्तक लिहिले आणि हा शब्द राजकीय चर्चेत रूढ झाला. ३१ मार्च २०१९ रोजी माद्रिदच्या रस्त्यांवर निघालेल्या मोठ्या मोर्चात ग्रामीण भागातील लोकांनी त्यात एक अर्थपूर्ण बदल केला. आमचा प्रदेश ‘रिकामा’ नाही, तो ‘रिकामा केलेला’ आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

माणसे गेली तरी त्यांनी वापरलेल्या वाटा मात्र जागेवर राहिल्या. बंद पडलेले लोहमार्ग, मेंढ्यांच्या स्थलांतराचे मध्ययुगीन पट्टे, जुन्या कालव्याच्या काठच्या पायवाटा आणि शेतात जाणारे खडीचे रस्ते अशा चार प्रकारच्या वाटांचे जाळे या प्रदेशात पसरलेले आहे. त्यांवर मोटारी जवळजवळ नसतात. गेल्या काही वर्षांत रुंद टायरच्या, खडी-मातीवर चालणाऱ्या ‘ग्रॅव्हल’ सायकलींचा युरोपात मोठा प्रसार झाला आणि या वाटांना एक नवा वापरकर्ता मिळाला. ही सायकल शर्यतीच्या सायकलीसारखीच हलकी व वाकलेल्या हँडलची असते. तिचे टायर मात्र साधारण चार ते पाच सेंटिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी भरलेली असते. त्यामुळे डांबरी रस्त्यावर ती संथ वाटत नाही आणि खडीवरही स्वाराचे हात बधिर होत नाहीत. चौकटीला बांधलेल्या लहान पिशव्यांत चार-पाच दिवसांचे सामान मावते.

हा केवळ हौशी सायकलस्वारांच्या आवडीचा विषय नाही. कोणत्या सार्वजनिक जमिनी राखल्या, कोणत्या गमावल्या आणि ओस पडणाऱ्या गावांना त्यांतून काय मिळाले, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. विकासाचा अभ्यास करणाऱ्यांनी या वाटांकडे त्या दृष्टीने पाहावयास हवे.

बंद लोहमार्गांचा पुनर्वापर

१ जानेवारी १९८५ हा दिवस स्पेनच्या ग्रामीण भागात अजूनही कटुतेने आठवला जातो. तोट्यातील मार्गांचा भार कमी करण्यासाठी सरकारने त्या दिवसापासून ९१४ किलोमीटर लांबीच्या मार्गांवरील रेल्वेसेवा पूर्णतः थांबविली. जवळपास तितक्याच लांबीच्या आणखी मार्गांवर प्रवासी गाड्या बंद करून फक्त मालवाहतूक ठेवण्यात आली. त्याआधीही अनेक खाणमार्ग आणि अरुंदमापी मार्ग एकामागून एक बंद पडले होते. काही मार्ग तर असे होते की भराव, पूल, बोगदे सारे उभे राहिले, परंतु त्यांवरून एकही गाडी धावली नाही. अशा बंद अथवा अपूर्ण मार्गांची एकूण लांबी सात हजार किलोमीटरहून अधिक भरते.

१९९३ मध्ये स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठान, सार्वजनिक बांधकाम मंत्रालय आणि रेल्वे कंपन्या यांनी मिळून या मार्गांच्या पुनर्वापराचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे नाव ‘व्हिया वेर्दे’, म्हणजे हरितमार्ग. रूळ व स्लीपर काढून घ्यावयाचे, रुळांखालची मोठी खडी हलवावयाची, बारीक खडी व माती दाबून सपाट पृष्ठभाग करावयाचा, पुलांना कठडे लावावयाचे आणि मोटारींना मज्जाव करून ही वाट पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार व चाकांच्या खुर्चीवरील अपंग व्यक्तींना खुली करावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. आजवर साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास मार्ग अशा प्रकारे तयार झाले आहेत. १९९८ मध्ये बेल्जियममधील नामूर येथे युरोपीय हरितमार्ग संघटना स्थापन झाली आणि २००० च्या लील जाहीरनाम्यात हरितमार्गाची व्याख्या करताना तो मोटारविरहित प्रवाशांसाठीच राखलेला असावा यावर भर दिला गेला. स्पेनच्या अनुभवाचा त्यात मोठा वाटा होता.

लोहमार्ग सायकलीस इतका सोयीचा का ठरतो, याचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर चढण सहन करू शकत नाही. म्हणून अभियंत्यांनी चढ शक्य तेथे दोन-तीन टक्क्यांच्या आत ठेवला. डोंगर आला की बोगदा खणला, दरी आली की पूल बांधला, टेकडीला वळसा घालताना तिची समपातळी सोडली नाही. शंभर वर्षांपूर्वी इंजिनाच्या सोयीसाठी केलेली ही सारी मेहनत आज साठ वर्षांच्या स्वाराच्या गुडघ्यांच्या कामी येते. पण याच गुणाची एक अडचणही आहे. समपातळी राखण्यासाठी मार्ग गावापासून दूर गेला, तर स्थानकही दूरच राहिले. त्यामुळे अनेक ठिकाणी जुने स्थानक रानात एकटे उभे असते आणि गाव टेकडीवर दोन-तीन किलोमीटर दूर असते. दमलेला स्वार शेवटची चढण टाळतो आणि गावातील दुकानदार त्याची वाट पाहत बसतो. हरितमार्ग झाला तरी गावाला काही मिळाले नाही, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते.

खाणीपासून समुद्रापर्यंत

ओखोस नेग्रोसचा हरितमार्ग हे या साऱ्या इतिहासाचे बोलके उदाहरण आहे. तेरुएल प्रांतातील सिएर्रा मेनेरा या डोंगररांगेत लोहखनिज होते आणि ते भूमध्य समुद्रकाठच्या सागुंतो बंदरापर्यंत न्यावयाचे होते. बिल्बाओचे उद्योगपती रामोन दे ला सोता आणि एदुआर्दो आस्नार यांच्या खाण कंपनीने त्यासाठी दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा स्वतंत्र मीटरमापी लोहमार्ग बांधला. १९०७ मध्ये तो सुरू झाला. आश्चर्याची गोष्ट अशी की याच भागातून सार्वजनिक प्रवासी लोहमार्ग आधीच जात होता. बऱ्याच अंतरापर्यंत दोन मार्ग एकमेकांच्या शेजारून, कोठे एकमेकांना ओलांडून धावत. भरलेल्या वाघिणी उताराने समुद्राकडे जात आणि रिकाम्या वाघिणी वर चढत. १९७२ मध्ये खनिजाची वाहतूक शेजारच्या रुंदमापी मार्गावर वळविण्यात आली आणि खाणमार्ग बंद पडला. सागुंतोच्या पोलादभट्ट्या १९८४ मध्ये विझल्या आणि काही वर्षांतच खाणीही थांबल्या. खाणीजवळची कामगार वसाहत आज ओस पडलेली आहे.

या मार्गाच्या सुमारे १६० किलोमीटर लांबीवर आता सायकल चालविता येते आणि स्पेनमधील सर्वांत लांब हरितमार्गांत त्याची गणना होते. तेरुएलहून निघाल्यावर वाट एस्कांदोनच्या खिंडीपर्यंत, म्हणजे समुद्रसपाटीपासून बाराशे मीटरच्या आसपास, हळूहळू चढते. वर वारा फार असतो आणि झाडे थोडी. तेथून बार्राकासचे पठार ओलांडले की उतार सुरू होतो आणि देखावा बदलत जातो. प्रथम पाइन व जुनिपर, मग बदाम व ऑलिव्हचे टप्पे, खेरिका व नावाखासजवळ पाण्याचे झरे आणि अखेर संत्र्यांच्या बागा लागतात. आल्बेन्तोसाजवळचा उंच दगडी पूल ओलांडताना शेजारी दुसऱ्या मार्गाचा पूलही दिसतो. एका दरीवर दोन लोहमार्ग बांधणाऱ्या काळाच्या आत्मविश्वासाचे नवल वाटते, तसेच त्यातील अपव्ययाचेही.

बहुतेक स्वार हा मार्ग तेरुएलकडून समुद्राकडे, म्हणजे खनिजाच्याच दिशेने करतात. साहजिकच चढणीच्या बाजूच्या गावांना मुक्काम मिळतो आणि उताराच्या बाजूची गावे नुसती मागे पडतात. मार्गाची आखणी करताना हा भूगोलही हिशेबात घ्यावा लागतो.

दक्षिणेस आंदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा सिएर्रा हरितमार्ग याहून वेगळा आहे. १९२० च्या दशकात, प्रिमो दे रिवेराच्या राजवटीत त्याचे काम सुरू झाले. मात्र लोहमार्ग पूर्ण झालाच नाही. तीस बोगदे आणि चार मोठे पूल आज केवळ मोटारविरहित प्रवाशांसाठी आहेत. साफ्रामागोनच्या कड्यावर ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत असून जवळच्या जुन्या स्थानकात पक्षिनिरीक्षण केंद्र आहे. कधीही प्रवासी न पाहिलेल्या इतर स्थानकांत आता उपाहारगृहे आणि खोल्या आहेत. हा मार्ग चालविण्यासाठी स्थानिक पालिकांनी व प्रांतिक प्रशासनाने मिळून स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापले. त्याच्या यशाचे खरे कारण हेच म्हणावे लागेल. हाएन व कोर्दोबा प्रांतांतील सुमारे १२८ किलोमीटरच्या ‘तेल-मार्गा’वरून एके काळी ऑलिव्ह तेलाची पिंपे जात. आजही तो ऑलिव्हच्या अखंड लागवडीतून जातो. त्याचे लोखंडी पूल पाहण्यासाठीच कित्येक जण येतात.

मेंढ्यांचा हक्क

लोहमार्ग शंभर-सव्वाशे वर्षांचे, तर मेंढ्यांच्या वाटा किमान सातशे वर्षांच्या. कास्तियाचा राजा दहावा आल्फोन्सो याने १२७३ मध्ये मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या महासंघाला सनद दिली. मेरिनो लोकरीवर राज्याची तिजोरी अवलंबून होती. हिवाळ्यात कळप दक्षिणेच्या उबदार कुरणांत आणि उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत जात. त्यांच्या वाटेत नांगर येऊ नये म्हणून वाटांची रुंदीच कायद्याने ठरविण्यात आली. नव्वद ‘वारा’ म्हणजे सुमारे ७५ मीटर रुंदीची ‘कान्यादा’, तिच्या निम्म्या रुंदीची ‘कोर्देल’ आणि सुमारे वीस मीटरची ‘बेरेदा’ अशी त्यांची श्रेणी होती. मेस्ता १८३६ मध्ये बरखास्त झाली, परंतु वाटांवरील सार्वजनिक हक्क संपला नाही.

आज या वाटांची एकूण लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर मानली जाते. देशाच्या लोहमार्गांच्या ती जवळपास आठपट भरते आणि त्यांखालची जमीन देशाच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्या आसपास येते. २३ मार्च १९९५ च्या कायद्याने या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून पुन्हा निश्चित केल्या. त्या विकता येत नाहीत, दीर्घ वहिवाटीने कोणाच्या मालकीच्या होत नाहीत आणि कर्जापोटी जप्तही होत नाहीत. याच कायद्याने चालणे, घोड्यावरून जाणे आणि बिगरमोटार वाहनाने प्रवास करणे यांस पूरक वापर म्हणून मान्यता दिली. त्यासाठी एकच अट आहे. कळप समोरून आला तर पहिला हक्क कळपाचा.

ही अट निव्वळ औपचारिक नाही. कळपासोबत मास्तीन जातीचे मोठे राखणदार कुत्रे असतात. अनुभवी स्वार दुरूनच उतरतो, सायकल स्वतःच्या व कुत्र्याच्या मध्ये धरतो आणि मेंढपाळाने हाक देईपर्यंत थांबतो. लांडग्यांची संख्या वाढलेल्या उत्तर भागात तर अशा कुत्र्यांची गरज आणखी वाढली आहे. ज्यांना हे थांबणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटतो, त्यांनी या वाटांवर न येणे बरे.

कायदा भक्कम असला तरी जमिनीवरील स्थिती तितकी भक्कम नाही. अनेक ठिकाणी शेतकऱ्याने दरवर्षी एक-एक तास नांगरत ७५ मीटरची कान्यादा चार मीटरची केली आहे. कोठे तिच्यावर महामार्ग गेला, कोठे घरे उठली. प्रत्येक वाटेची सीमा मोजून, खांब रोवून ती अधिकृतपणे निश्चित करणे हे स्वायत्त प्रादेशिक सरकारांचे काम असून ते फार संथ गतीने चालते. मेंढपाळ आपला हक्क विसरू देत नाहीत. १९९४ पासून दर वर्षी शरद ऋतूत माद्रिदच्या मध्यवर्ती रस्त्यांवरून मेंढ्यांचा कळप नेला जातो आणि १४१८ च्या करारानुसार दर हजार मेंढ्यांमागे पन्नास ‘मारावेदी’ नाणी पालिकेला मोजली जातात. पर्यटकांना तो सोहळा वाटतो. कायद्याच्या दृष्टीने ती वहिवाटीची नोंद आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने हंगामी पशुस्थलांतराच्या वारशाच्या यादीत स्पेनचाही समावेश केला.

ज्या कान्यादेवरून कळप जात नाही, तेथे झुडपे माजतात आणि दहा वर्षांत वाट दिसेनाशी होते. मेंढ्या वाट मोकळी ठेवतात, तिच्यावरून सायकलस्वार जातो आणि त्याच्या येण्याजाण्याने तेथे वाट आहे याची साक्ष राहते. दोघांचे हितसंबंध येथे एकत्र येतात.

शेतरस्ते आणि कालवाकाठ

या साऱ्या जाळ्यातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे साधे शेतरस्ते. कास्तियाच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांमुळे जमिनीचे बारीक तुकडे झाले होते. २० डिसेंबर १९५२ च्या कायद्यान्वये सरकारने जमीन एकत्रीकरणाचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला तुकडेजोड म्हणतात त्याचा, मोठा कार्यक्रम सुरू केला. विखुरलेले तुकडे जोडून प्रत्येकाला सलग शेत देताना प्रत्येक शेतापर्यंत ट्रॅक्टर पोहोचेल असे रुंद, सरळ खडीचे रस्तेही आखले गेले. जुने बांध, झाडे आणि वळणावळणाच्या पायवाटा त्यात नष्ट झाल्या, हे या कार्यक्रमावरील रास्त आक्षेप आहेत. परंतु गावातून गावाकडे डांबरी रस्त्याला न शिवता जाणारे हे रस्ते त्याच कार्यक्रमाची देणगी आहेत. नकाशावर ते एखाद्या जाळीसारखे दिसतात. पेरणी आणि कापणीचे दिवस सोडले तर दिवसभरात एखाददुसरा ट्रॅक्टर भेटतो.

मात्र या रस्त्यांवर पाटी नसते, सावली नसते आणि चिकणमातीच्या पट्ट्यात पाऊस पडला की चिखल चाकात व चौकटीत असा बसतो की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे झुकतो. म्हणून एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हाच येथील खरा हंगाम. शरद ऋतूतील सुट्टीच्या दिवशी शिकारीच्या मोहिमा निघतात. त्या वेळी लावलेल्या सूचनाफलकांकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे असते.

कास्तियाचा कालवा याच पठारावर आहे. गहू समुद्राकडे नेण्याच्या महत्त्वाकांक्षेने १७५३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १८४९ मध्ये २०७ किलोमीटर लांबीवर काम थांबले. समुद्र गाठलाच गेला नाही. काठावरून खेचरे दोराने नावा ओढत. लोहमार्ग आल्यावर नौकानयन मंदावले आणि १९५९ मध्ये ते बंद झाले. कालवा आजही सिंचनाला पाणी देतो आणि खेचरांच्या त्या ओढवाटा पॉप्लरच्या सावलीत अतिशय सपाट सायकलमार्ग ठरल्या आहेत. नवख्या स्वाराने आरंभ येथूनच करावा.

गावाला काय मिळते?

या चार प्रकारच्या वाटा एकमेकींना जोडून काही उत्साही स्थानिकांनी लांब पल्ल्याचे मार्ग आखले आहेत. तेरुएलहून निघून तेरुएललाच परतणारा ‘मोंतान्यास वासियास’, म्हणजे ‘रिकामे डोंगर’, हा सातशे किलोमीटरच्या आसपासचा मार्ग त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. युरोपातील सर्वांत विरळ वस्तीच्या प्रदेशांपैकी एकातून तो जातो. त्यासाठी नवे बांधकाम झाले नाही, पाट्या लागल्या नाहीत. उपग्रहाधारित दिशादर्शकात उतरवून घेण्याची एक रेषा आणि पाणी, दुकान व निवारा कोठे मिळेल याची माहिती, एवढेच त्याचे भांडवल. सरकारी खर्च जवळपास शून्य. तरीही परदेशातील स्वार येथे येऊ लागले, कारण येथे जे नाही त्याचीच, म्हणजे वाहनांची व गर्दीची अनुपस्थिती, त्यांना हवी होती.

सायकलस्वार मोटारीतील पर्यटकापेक्षा हळू जातो आणि सोबत फार थोडे बाळगतो. त्याला दर तीस-चाळीस किलोमीटरवर खावेच लागते. म्हणून त्याचा खर्च मोठ्या शहरात न होता लहान गावात होतो. परंतु त्यासाठी गावात काहीतरी उघडे असावयास हवे. तेरुएल प्रांतातील ‘बहुसेवा केंद्रे’ या संदर्भात उल्लेखनीय आहेत. जेथे खासगी दुकान टिकू शकत नाही, तेथे पालिकेच्या मालकीच्या इमारतीत दुकान, उपाहारगृह आणि काही ठिकाणी राहण्याच्या खोल्या एकाच छताखाली चालविण्यास एखाद्या कुटुंबाला दिल्या जातात. वृद्ध ग्रामस्थांना पाव व किराणा मिळतो, संध्याकाळी बसण्याची जागा मिळते आणि हंगामात येणारे स्वार त्या कुटुंबाच्या उत्पन्नात भर घालतात. ग्रामस्थांसाठी निर्माण केलेली सेवा प्रवाशांमुळे टिकते, हा क्रम महत्त्वाचा आहे. केवळ प्रवाशांसाठी उभारलेले निवास हंगाम संपताच कुलूपबंद होतात.

हिशेब मात्र डोळसपणे मांडावा लागतो. वर्षातील चार-पाच महिने येणारे स्वार गावातील शाळा उघडी ठेवू शकत नाहीत, डॉक्टर आणू शकत नाहीत. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’, या नागरी चळवळीने रेल्वे, रस्ते, आरोग्यसेवा या मागण्या लावून धरल्या आणि नोव्हेंबर २०१९ च्या निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागा मिळविली. त्या मागण्यांची जागा सायकलमार्ग घेऊ शकत नाही.

देखभाल हा दुसरा कळीचा मुद्दा आहे. मार्ग तयार करण्यास केंद्राकडून अथवा युरोपीय निधीतून पैसा मिळतो. त्यानंतर दरडी हटविणे, गटारे उपसणे, बोगद्यातील दिवे चालू ठेवणे आणि कठडे दुरुस्त करणे हे काम दोनशे वस्तीच्या पालिकेकडे येते, आणि तिच्याकडे एकच कामगार असतो. एका जोरदार पावसात भरावाखालची मोरी तुंबली तर शंभर मीटरची वाट वाहून जाते. कातालोनियातील हिरोना येथे पालिका व प्रांत यांनी संयुक्त मंडळ स्थापून हा प्रश्न सोडविला. ओलोत ते हिरोना हा १९६९ मध्ये बंद पडलेला ५४ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग आणि तेथून समुद्राकडे सान फेलिउ दे गीशोल्सपर्यंत जाणारा ३९ किलोमीटरचा मार्ग हे मंडळ सांभाळते. तेथे लोकवस्ती दाट व उत्पन्न चांगले, म्हणून ते शक्य झाले. सोरियात तशी ऐपत असलेल्या पालिका फारशा नाहीत.

देखभालीचा खर्च वाचविण्यासाठी काही पालिका खडीवर डांबर टाकतात. त्याने चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तींची व लहान मुलांची सोय होते, हे मान्य केले पाहिजे. ग्रॅव्हल सायकलवाल्यांना ते रुचत नाही. परंतु सार्वजनिक पैशाने होणारा मार्ग अगोदर कोणासाठी, असा प्रश्न आला तर उत्तर स्पष्ट आहे. हौशी स्वारांसाठी शेतरस्ते आणि कान्यादा मोकळ्या आहेतच.

रूळ परत हवेत

सर्वांत तीव्र मतभेद एका वेगळ्याच मुद्द्यावर आहे. पश्चिमेकडील प्लासेन्सिया ते आस्तोर्गा या मार्गावरील प्रवासी गाड्या १९८५ च्या त्या जानेवारीतच बंद झाल्या. पुढे त्याच्या काही भागांवर हरितमार्ग करण्याच्या योजना आल्या, तेव्हा त्या प्रदेशातील संघटनांनी विरोध केला. रूळ उखडले की गाडी परत येण्याची आशा कायमची संपते आणि हरितमार्ग म्हणजे लोहमार्गाच्या मृत्यूचा दाखला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. आंदालुसियाच्या पूर्व भागात ग्वादिक्स-बासा-आल्मेन्द्रिकोस मार्गाबाबतही अशीच भावना आहे. तेथे काही लांबीवर हरितमार्ग झाले आहेत आणि दुसरीकडे लोहमार्ग पुन्हा सुरू करण्याची मागणीही चालू आहे.

हरितमार्गाचे समर्थक याला उत्तर देतात. पट्टा वापरात राहिला तर तो सलग आणि सार्वजनिक राहतो. रूळ गंजत पडले तर शेजारचा शेतकरी कुंपण सरकवतो, पूल पाडले जातात, स्थानकाचे दगड रातोरात नाहीसे होतात. उद्या गाडी आणावयाची ठरली तर निदान जमीन संपादन करावी लागणार नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र प्रत्यक्षात एकदा लोकांच्या पायाखाली रुळलेली वाट रेल्वेसाठी परत घेणे राजकीयदृष्ट्या सोपे नसते, हेही नाकारता येत नाही.

सान्तान्देर ते भूमध्य समुद्र या नियोजित मार्गाची कहाणी या वादाची पार्श्वभूमी म्हणून पुरेशी आहे. उत्तर किनारा व भूमध्य किनारा जोडण्यासाठी बांधलेला हा लोहमार्ग बुर्गोस आणि सोरिया प्रांत ओलांडून उत्तरेकडील पर्वतांपर्यंत पोहोचला. शेवटच्या टप्प्यात पर्वतातून ‘ला एंगान्या’ हा जवळपास सात किलोमीटरचा बोगदा खणण्यात आला. यादवी युद्धात पराभूत झालेल्या प्रजासत्ताकवादी कैद्यांकडूनही तेथे काम करून घेण्यात आले. १९५९ मध्ये बोगदा आरपार झाला, परंतु त्यातून एकही गाडी गेली नाही. उरलेला मार्गही १ जानेवारी १९८५ रोजी बंद झाला. त्याच्या काही भागांवर आता हरितमार्ग असून सोरिया व बुर्गोसच्या शेतांतून सायकली जातात. बोगदा मात्र ठिकठिकाणी ढासळला असून प्रवेशासाठी धोकादायक आहे. उत्तरेकडून येणाऱ्या स्वाराला आजही पर्वत वरूनच ओलांडावा लागतो.